सही सरपंचताईंची, डोंगल मालकांच्या खिशात: एका महिला राखीव सरपंचपदाचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका गावाचं आहे. निवडून आलेल्या बायकांच्या प्रशिक्षणाचं काम मी करते, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यासमोर घडलं आणि काही ठिकाणी माझं पण चुकलं, तेही लिहिणार आहे. गाव कोणतं, माणसं कोण हे कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. नाव कुणाचंच देत नाही, सरपंचांना सरपंचताई म्हणूया.

पार्श्वभूमी

गाव अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं, म्हणजे ग्रामपंचायतीत नऊ सदस्य आणि जनतेतून थेट निवडून आलेला सरपंच वेगळा. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे त्यामुळे नऊपैकी पाच जागा बायकांच्या, आणि त्या वेळी सरपंचपदाचं आरक्षण पण सर्वसाधारण महिला असं निघालं. निवडणूक 18 डिसेंबर 2022 ला झाली, त्याच वेळी राज्यात साडेसात हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या.

आता उमेदवार कसा ठरला ते बघा. गावात बचत गटाच्या ग्रामसंघाचं दप्तर सांभाळणारी एक बाई आहे, हिशोबाला एकदम पक्की, बँकेत मॅनेजरसमोर बसून कर्जाची फाईल पास करून आणणारी, बायका तिचंच नाव घेत होत्या. पण तिला तिसरं मूल 2009 चं. 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनाच्या वर अपत्य झालं असेल तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, त्यामुळे तिचं नाव तिथेच कटलं. पहिल्या दोन मुली, तिसऱ्यांदा मुलगा हवा म्हणून सासरचे धरून बसले होते, त्या निर्णयात तिला कुणी विचारलंही नव्हतं आणि अपात्र मात्र ती झाली. हा कायदा कशासाठी आणला ते मला माहीत आहे, पण गावात काम करताना त्याचा फटका कुणाला बसतो ते मी बघितलंय.

मग पॅनलच्या लोकांनी एका घरात बसून ठरवलं की अमक्याच्या बायकोला उभं करायचं. अमका म्हणजे गावातला जुना कार्यकर्ता, याआधी दोनदा पडलेला. ताईंचं शिक्षण सातवी, दोन मुलं, शेतातलं सगळं काम त्यांच्याच अंगावर. त्यांना कळलं ते फॉर्मवर सही करायच्या आदल्या रात्री. बॅनरवर ताईंचा फोटो पासपोर्ट साईजचा आणि मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, हात जोडलेला मोठा. तरी निवडून आल्या त्या, आणि चांगल्या मतांनी आल्या.

अडचण काय होती

पहिले चौदा महिने ताई ऑफिसात फक्त तीन वेळा गेल्या, दोनदा झेंडावंदनाला आणि एकदा फोटोला. मासिक सभा रात्री आठ-साडेआठला उपसरपंचाच्या दुकानात व्हायची. म्हणजे सभा अशी नाहीच, चार जण बसायचे, काय ते ठरायचं, आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, शिपायाबरोबर घरोघर सहीला फिरायचं. ताई भाकरी थापताना उठून हात पुसून सही करायच्या. पाचही महिला सदस्यांचं पण तेच, त्यातल्या दोघींच्या जागी तर नवरेच सही ठोकायचे.

पण खरी चावी सहीच्या रजिस्टरमध्ये नव्हती, ती डोंगलमध्ये होती. वित्त आयोगाचा पैसा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा निधी, आता चेकने निघत नाही, ऑनलाईन निघतो, ग्रामसेवक आणि सरपंच दोघांच्या डिजिटल सह्या लागल्याशिवाय पेमेंट जात नाही. ती डिजिटल सही म्हणजे पेन ड्राईव्हसारखं एक छोटं डोंगल आणि त्याचा पिन. ताईंचं डोंगल बनवताना व्हिडिओ व्हेरिफिकेशन झालं, त्यात कॅमेऱ्यासमोर ताईंनी नाव सांगितलं, मोबाईल धरून मालक उभे. डोंगल आलं ते मालकांच्या शर्टाच्या खिशात गेलं, पिन त्यांना पाठ, रजिस्टर केलेला नंबर त्यांचा, मेसेज त्यांच्याच फोनवर. म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरला दिसत होतं की सरपंच बाई स्वतः प्रत्येक बिल तपासून मंजूर करतेय, आणि त्या वेळी ताई कापूस वेचत असायच्या.

हे काही या एका गावातलं नाही. सरपंचपती हा प्रकार देशभर इतका रुजलाय की विषय सुप्रीम कोर्टात गेल्यावर केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. नवऱ्याने किंवा नातेवाईकाने ग्रामपंचायतीच्या कारभारात हस्तक्षेप करू नये अशी आपल्या शासनाची परिपत्रकं पण आहेत. पण परिपत्रक फाईलमध्ये असतं आणि नवरा खुर्चीत असतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये पंचायत समितीची नोटीस आली. गावात एलईडी पथदिवे बसवल्याचं पावणेतीन लाखाचं बिल निघालं होतं, साठ दिव्यांचं, आणि विरोधी सदस्याने तक्रार केली की दिवे तेवढे नाहीतच. नोटीस ग्रामसेवक आणि सरपंच दोघांच्या नावाने, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली प्रस्ताव जाईल, म्हणजे पदावरून काढण्याचा. मालकांनी ती वाचून फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले बघतो मी. ताईंच्या बारावीतल्या मुलीने ती वाचली, मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडून गावाचं नाव टाकलं आणि आईला व्हाउचरच्या याद्या दाखवल्या. त्या ॲपवर कोणत्याही गावाचा खर्च कुणालाही बघता येतो पण तोपर्यंत त्या घरात कुणी बघितला नव्हता. त्या रात्री ताईंचा मला पहिल्यांदा फोन आला, नंबर मुलीने प्रशिक्षणाच्या वहीतून काढलेला. म्हणाल्या, "मॅडम, मी एक रुपया हातात घेतला नाही, मग जेलात मी जाणार का ह्यांना नेणार?"

काय काय मार्ग होते

दुसऱ्या दिवशी मी गेले. ताई, त्यांची मुलगी, बचत गटाची ती सचिव आणि मी, गोठ्याजवळ बसलो. ताईंसमोर जे जे मार्ग होते ते सगळे बोलून काढले.

राजीनामा हा मालकांचा सल्ला होता, तब्येतीचं कारण लिहायचं, पंचायत समितीकडे द्यायचा आणि मोकळं व्हायचं. ताईंचा पण कल त्याच बाजूला होता, खरं सांगते. पण राजीनामा दिल्याने झालेल्या सहीची जबाबदारी जात नाही, हे मी सांगितल्यावर त्या गप्प झाल्या.

दुसरा, मालक म्हणत होते तसं तालुक्याला भेटून मिटवून घ्यायचं. म्हणजे पुढच्या बिलाला परत हेच.

तिसरा, नवऱ्याने परस्पर डिजिटल सही वापरली अशी लेखी तक्रार करायची. कायद्याने बघितलं तर हाच सरळ रस्ता आणि माझ्यासोबतच्या एका सहकारी ताईचं अजूनही मत आहे की तोच घ्यायला हवा होता. पण सरपंचताईंनी एका वाक्यात नाही म्हणलं, "घर मोडून मला सरपंच व्हायचं नाही." शिवाय डोंगल आणि पिन दुसऱ्याच्या ताब्यात दिला ही त्यांची पण चूक धरली गेली असती. जिला त्या घरात झोपायचंय तिनेच हे ठरवायचं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

चौथा मार्ग लांबचा होता. तक्रार कुणावर करायची नाही, पण कारभाराच्या ज्या ज्या जागी ताई नाहीत त्या एकेक जागी त्यांना नेऊन बसवायचं, नंबर, डोंगल, सभेची वेळ, प्रोसिडिंग, खुर्ची. आणि हे एकटीने करायचं नाही, पाचही महिला सदस्यांना धरून करायचं. हा ठरला.

काय केलं

आधी दिव्यांचं. खुलासा देण्याआधी खरी परिस्थिती माहीत हवी म्हणून ताई, सचिवबाई आणि दोन सदस्या संध्याकाळी सात वाजता बॅटरी आणि वही घेऊन गावभर फिरल्या, प्रत्येक खांबाखाली उभं राहून वहीत रेघ मारत. साठचं बिल होतं, खांबावर एक्केचाळीस निघाले, त्यातले सहा बंद. गावाने सरपंचबाईला गल्लीतून हिंडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून विचारत होत्या काय मोजताय गं, आणि ताई सांगत होत्या दिवे मोजतेय आत्या, आपल्याच पैशाचे हायत.

खुलाशात त्यांनी मोजलेला आकडा जसाच्या तसा लिहिला, आणि पेमेंटच्या वेळी आपण प्रत्यक्ष तपासणी केली नव्हती हेही लिहिलं. मालक त्या दिवशी फार भडकले, मी घाबरले होते. आणि तिथे अनपेक्षित आधार मिळाला तो सासूबाईंचा, त्या म्हणाल्या सही तिची हाय तर कागद बी तिच्याजवळच ऱ्हाईल. घरात म्हातारीचं चालायचं.

मग नवीन सिम, नंबर बदलायचा अर्ज आणि डोंगल नव्याने. याला जवळपास दोन महिने गेले. व्हिडिओ व्हेरिफिकेशन परत करायचं होतं आणि घरात रेंज नाही, म्हणून ताई गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या, डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडतोय, मुलगी फोन धरून. दोनदा कॉल कट झाला. तिसऱ्यांदा त्यांनी नाव सांगितलं, अर्ज मीच करतेय म्हणून सांगितलं. पिन त्यांनी स्वतः टाकला आणि तो कुठे लिहिला नाही. डोंगल आता बचत गटाच्या पत्र्याच्या पेटीत असतं, किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला.

खुर्चीचा प्रश्न नाजूक होता. ऑफिसात मोठी खुर्ची एकच आणि तिच्यात सकाळी दहापासून मालक. उठा म्हणून कोण सांगणार? ताईंनी सांगितलं असतं तर ते नवरा-बायकोचं भांडण झालं असतं आणि गावाला चघळायला विषय मिळाला असता. आम्ही ते काम ग्रामसेवकांवर टाकलं. भाऊसाहेब आधी टाळत होते, त्यांनाही एकाच माणसाशी व्यवहार सोयीचा पडत होता, पण नोटिशीत त्यांचं पण नाव असल्याने ते तयार झाले. त्यांनी नातेवाईकांच्या हस्तक्षेपाबद्दलचं परिपत्रक झेरॉक्स करून दारावर चिकटवलं आणि सर्वांना सारखंच सांगितलं, ताईंच्या आणि पाचही महिला सदस्यांच्या नवऱ्यांना. ताईंच्या एकट्याच नवऱ्याला वेगळं काढून सांगितलं असं झालं नाही, म्हणून त्यात अपमान कमी झाला. आठवडाभर कुणी ऐकलं नाही. मग पंचायत समितीचे विस्तार अधिकारी अचानक आले, एकदा आले पण पुरलं.

सभेची वेळ रात्रीची काढून दुपारी दोनची केली आणि जागा ग्रामपंचायत ऑफिसच. दोन का, तर सकाळच्या खुरपणीची पाळी करून बाई येऊ शकते. सदस्याला मासिक सभेचा भत्ता 200 रुपये मिळतो, म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडवून यायचं म्हणलं तर बाईला घरूनच सोडत नाहीत. वेळ बदलल्यावर पाचपैकी तिघी नियमित यायला लागल्या.

प्रोसिडिंगचा नियम ताईंनी स्वतः काढला, आम्ही शिकवलेला नाही. सभा संपली की भाऊसाहेबांनी सगळे ठराव मोठ्याने वाचायचे, मग सह्या. आणि शेवटच्या ठरावाखाली जी कोरी जागा राहते तिथे ताई पट्टीने आडवी रेघ मारतात, मग सही करतात, म्हणजे मागून काही घुसडता येत नाही. बचत गटाच्या वहीत असंच करतात म्हणाल्या. वाचायला त्यांना वेळ लागतो, बोट ठेवून वाचतात, आणि तेवढा वेळ आता सगळे थांबतात.

फिरण्याचा विषय राहिला. तालुक्याला काम निघालं की जायचं कुणाबरोबर? एकदा भाऊसाहेबांच्या मोटारसायकलवर गेल्या तर गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आणि घाण कॉमेंट. ताई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. बाईला राजकारणातून घालवायला अजून एवढं पुरतं, पुरुष सदस्य रोज त्याच गाडीवर जातात त्याचा कुणी फोटो काढत नाही. तोडगा असा निघाला की प्रत्येक वेळी एक महिला सदस्य सोबत, एसटीने. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे दोघींचं भाडं एका तिकिटात भागतं. यात दुसरा फायदा झाला तो असा की दुसरीलाही पंचायत समितीत कुठल्या टेबलला काय काम होतं ते कळायला लागलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा घेतली. ती प्रत्येक ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते, पण गावात आजवर फक्त कागदावर झालेली. अंगणवाडीत जागा पुरली नाही, बायका बाहेर ओट्यावर बसल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, नळाला पाणी रात्री एक-दोनला येतं, झोप मोडून भरावं लागतं. वर्षानुवर्षं ते तसंच होतं कारण वॉलमनला तीच वेळ सोयीची आणि ग्रामसभेत बसणाऱ्या पुरुषांनी कधी पाणी भरलं नव्हतं. ठराव झाला, वरच्या गल्लीला पहाटे साडेपाच, खालच्या गल्लीला संध्याकाळी सहा. एक रुपया खर्च नाही. माझ्या मते ताई त्या दिवशी गावाच्या सरपंच झाल्या, निकालाच्या दिवशी नाही.

पुढे काय झालं

दिव्यांच्या चौकशीत ठेकेदाराकडून राहिलेले दिवे बसवून घेतले, बंद बदलून घेतले, ताई आणि भाऊसाहेब दोघांना लेखी समज मिळाली. पद वाचलं. समज ताईंच्या रेकॉर्डला लागली याचं मला वाईट वाटतं पण ती अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही.

थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, त्यामुळे विरोधक आणि ताईंच्याच पॅनलमधले नाराज 2025 उजाडायची वाट बघत होते. जानेवारीत हालचाल सुरू झाली. तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब लागतं. त्यांचं गणित पाचच्या पुढे गेलं नाही, कारण महिला सदस्यांपैकी तिघी हलल्या नाहीत, घरून दबाव असताना हलल्या नाहीत. मग सासऱ्यांचं घर गायरानात आहे म्हणून अतिक्रमणाची तक्रार टाकायचं चाललं होतं. त्याच्या थोडंच आधी, सप्टेंबर 2024 मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच आरोपावरून अपात्र केलेलं सुप्रीम कोर्टाने रद्द केलं होतं, आणि निवडून आलेल्या बाईला पदावरून काढणं एवढं हलक्यात घेऊ नका असं सुनावलं होतं. ताईंच्या वकिलांनी तो निकाल दाखवल्यावर तो विषय थांबला.

मालकांशी तीन-चार महिने बोलणं बंद होतं. आता बोलतात. ते ऑफिसात येत नाहीत पण बाहेर पारावर बसतात आणि येणाऱ्याला विचारतात काय काम आहे. दोन महिला सदस्या अजूनही सभेला येत नाहीत, एकीच्या नवऱ्याने परिपत्रकाचा राग धरून तिचं येणंच बंद केलं. हे आमच्या खात्यात धरायला हवं.

परत करायचं झालं तर

सगळ्यात पहिलं म्हणजे डोंगल बनतं त्या दिवशी तिथे असायला हवं. निकालानंतरचे पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे असतात, नंबर कुणाचा टाकला, पिन कुणी टाकला, इथेच पाच वर्षं ठरतात. आम्ही प्रशिक्षण ठेवलं तीन महिन्यांनी, तालुक्याच्या हॉलमध्ये, आणि त्यात 73 वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993, समित्यांची रचना असं सगळं शिकवलं. ताई त्यात शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मालक दाराशी उभे होते, मी बघितलं होतं आणि काही बोलले नव्हते. आता मी प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला प्रत्येकीला तिचा स्वतःचा फोन काढायला लावते. ज्यांच्याकडे नसतो त्यांची वेगळी यादी करते आणि त्या घरी आठवड्याच्या आत जाते.

दुसरं, नवऱ्यांशी आम्ही थेट बोललोच नाही. त्यांना अडथळा धरलं आणि परिपत्रक लावलं. ज्या माणसाची दोन निवडणुका हरून तिसऱ्यांदा बायकोच्या नावाने का होईना सत्ता आली, त्याला काय गमावल्यासारखं वाटत असेल ते एकदा बसून ऐकायला हवं होतं. जिचं सभेला येणं नवऱ्याने बंद केलं ती सदस्या कदाचित आज येत असती.

तिसरं घरकामाचं. दोनच्या सभेला येण्यासाठी ताई पहाटे चारला उठतात. सरपंचाचं मानधन सप्टेंबर 2024 मध्ये दुप्पट झालं, या गावाच्या लोकसंख्येला महिना 8000, ते आता त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतं आणि त्यातून त्यांनी शेतात एक बाई कामाला लावली. हे त्यांनी आपलं आपण केलं. खरं म्हणजे पहिल्या महिन्यापासून हे सुचवणं आमचं काम होतं.

आणि एक मोठी गोष्ट आमच्या हातातच नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची नवी सोडत 2025 मध्ये निघाली, हे गाव पुढच्या वेळी सर्वसाधारण झालं. खुल्या जागेवर बाईला कुणी विचारत नाही, 2024 च्या विधानसभेत 288 पैकी 21 बायका निवडून आल्या यावरून अंदाज येतो, आणि लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारा 2023 चा कायदा जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेपर्यंत थांबलाय. म्हणजे पाच वर्षं खर्ची घालून तयार झालेली बाई फिरत्या आरक्षणामुळे परत चुलीपाशी.

ताईंना सोडतीच्या दिवशी मी फोन केला होता. म्हणाल्या जागा खुली झाली म्हणजे बायांना बंदी नाही ना, मग मी उभी ऱ्हाईन. सचिवबाईने आत्तापासून वॉर्डनिहाय याद्या काढायला घेतल्यात. पॅनलमधून अजून कुणी ताईंना विचारायला आलेलं नाही, मालकांनी मात्र पारावर बसून स्वतःच्या नावाची चाचपणी सुरू केली आहे.